टाळूचा वास

डोक्यावरचा टोप उतरवताच डॉ. यशोधरा केळुसकर घडाघडा म्हणू लागल्या, "आमाबो, आमाबिस, आमाबित." मी प्रेम करीन, तू करशील, तो करील. टोप चढवण्यापूर्वी त्यांना लॅटिनचं अक्षरही येत नव्हतं. स्मृतिकलमाच्या परीक्षक म्हणून त्यांनी मुद्दाम हीच भाषा मागितली होती: एका मेंदूतली विद्या दुसऱ्यात रुजते, हे त्यांना स्वतःवर पडताळून पाहायचं होतं.

विद्या रुजली होती. पुढच्याच क्षणी त्यांनी कचऱ्याची बादली ओढली आणि त्या भडभडून ओकल्या.

"प्रयोगशाळेत सडका मासा कुणी आणलाय?"

"कुणी नाही, मॅडम," कलमाचे जनक डॉ. पराडकर चाचरत म्हणाले. "ज्यांच्याकडून हे लॅटिन घेतलं, त्या फादर तुस्कानोंच्या मेंदूतला हा भविष्यकाळ. त्यांचे गुरू कडक. त्यातलं एक रूप चुकलं की किडक्या बोंबलांचं पिंप हातांनी उपसायला लावायचे."

"मग नेमकी तीच आठवण का उचललीत?"

"यंत्रावर तीच सर्वांत ठळक दिसली."

"दिसणारच! किळस आली की मेंदू गोष्ट घट्ट धरतो. पराडकर, तुम्ही विद्या शोधलीच नाहीत. ओकारी शोधलीत! काढा हे."

पराडकरांनी पडद्याकडे पाहिलं. "काढता येणार नाही. जे अजून घडलेलं नाही ते रंगवायची जागा मेंदूत एकच; तिथे लॅटिन, मराठी असे कप्पे नाहीत. कलम तिथेच जुळलंय. कापलं, तर 'उद्या' ही कल्पनाच जाईल."

यशोधराबाईंना लेकीची, केतकीची आठवण झाली. तिचे दिवस भरत आले होते. कित्येक महिने बाई एकच चित्र रंगवत होत्या: मांडीवर नात, तिच्या टाळूवर कोमट तेल. आत्ताही ते चित्र आलं. टाळूला किडक्या बोंबलांचा वास होता.

त्यांनी पुन्हा बादली ओढली.

नात झाली तेव्हा त्या नाकाला पदर लावूनच प्रसूतिगृहात शिरल्या. केतकीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी भीत भीत पदर काढला, वाकून टाळू हुंगली. दुधाचा वास. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबरच होतं, समोरचं मूल म्हणजे कल्पना नव्हे. समोर आहे तेवढंच बघायचं, बस्स.

"आई, नाक अगदी तुझं घेतलंय गं," केतकी कौतुकानं म्हणाली. "बघ हं, मोठी होऊन तुझ्यासारखीच डॉक्टर होईल."

बाईंनी बाळ घाईघाईनं तिच्या हातांत कोंबलं आणि त्या मोरीकडे धावल्या.