दोन अंगठ्यांची डबी

दवाखान्यातल्या तपासणीच्या पट्टीवर जांभळी रेघ उमटायला सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात सुगंधाने ओढणीचं टोक पिळून पिळून दोर केला होता.

"क्लॅमिडिया," हेमांगी सिस्टर म्हणाली. "जिवाणू आहे. शरीरसंबंधातून पसरतो, पुष्कळांना होतो. सात दिवसांच्या गोळ्यांनी जातो."

"सासूबाई म्हणतात उष्णता आहे. तांदळाचं धुवण पी म्हणतात."

नोंदवहीत लिहिता लिहिता हेमांगीचा हात थांबला. दहा वर्षांची असताना रोज सकाळी तांदूळ धुऊन त्याचं पहिलं पाणी ती आईच्या अशाच ‘उष्णते’वर पेल्यात काढून ठेवायची. आई ते एका दमात प्यायची आणि गार हात तिच्या गालावर ठेवायची. दोन वर्षांनी आईचा गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतच रुजला, नळी फुटली आणि आई गेली. जुन्या संसर्गाने नळ्या अशा खराब होतात, हे हेमांगीने पुढे नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं. त्या दिवशी ते पान तिला उलटता आलं नव्हतं.

तिने कपाटातून एक पांढरी डबी काढली. झाकणावर दोन खळगे होते.

"दोन वेगळे अंगठे एकदम टेकले की उघडते. आत दोघांच्या गोळ्या आहेत. पूर्वी बायका एकट्याच औषध घ्यायच्या आणि महिन्याभरात नवऱ्याकडून तोच आजार घेऊन परत यायच्या."

"ह्यांना सांगू? ताई, कंडक्टर आहेत हे. अख्ख्या गाडीला तिकीट विचारतील, पण त्यांना कोणी काही विचारलेलं खपत नाही." सुगंधा हसली, पण डोळे भरले होते. "तुमचाच अंगठा ठेवा ना."

"ठेवला तर उघडेल. पण त्याच्या गोळ्या कोण घेईल?"

"मला म्हणतील, तूच कुठून तरी आणलंस."

"कोणी कोणाला दिलं, हे पट्टी सांगत नाही. त्याला इथं घेऊन ये, मी सांगते तसं."

"नको. मीच बघते."

सुगंधा डबी घेऊन बाहेर गेली. फाटकाशी तिचा नवरा मोटरसायकलवर बसून होता. हेमांगी खिडकीशी आली. सुगंधा काहीतरी बोलली, मग तिने डबी पुढे धरली. त्याने हेल्मेट काढलं. डबीकडे बघत राहिला.

आईला अशी डबी मिळाली असती, तर तिने ती बाबांपुढे धरली असती का? चार वर्षांपूर्वी बाबाही गेले. आईने त्यांना कधी काही सांगितलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. गालावरचा तो गारवा हेमांगीला आत्ताही आठवत होता.

सुगंधाने आपला अंगठा खळग्यात ठेवला होता. दुसरा खळगा अजून रिकामा होता. किती वेळ तिने तसंच उभं राहायचं?