सुक्या कचऱ्याचा वार

तेलुगू मुलखातल्या खैरदरी या मराठी गावात पहिली बादली परत गेली ती रविकांतच्या घरची.

एरवी कचरा घेऊन दाराशी त्याची आई यायची, आशाबाई. त्या दिवशी ती कापूस वेचायला भल्या पहाटे निघून गेली होती, म्हणून रविकांत आला. अंगात उलटा स्वेटर, केसांत कापसाचे दोन पुंजके, आणि हातातल्या निळ्या बादलीत वर कागद तर खाली वांग्याची देठं.

ट्रॅक्टरमागून चालणारी मयूरी थांबली. पंचायत सचिव म्हणून ती या गावात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीमागे फिरायचं आणि फोटो काढून मोबाईलवरून वर मंडल ऑफिसला पाठवायचा, हे तिचं दिवसाचं पहिलं काम. थंडीनं नाक लाल, पण तोरा कलेक्टरचा.

"हे काय हाय?"

"कचरा."

"ते दिसून राह्यलं मले. कोणता?"

"घरचाच हाय, मॅडम. शेजाऱ्याचा नाई आणला."

ट्रॅक्टरवरचा लखन फिसकन हसला. मयूरी हसली नाही, म्हणजे हसू आलं ते तिनं गिळलं.

"हिरव्या बादलीत ओला, निळ्या बादलीत सुका. तडी चेत्त, पोडी चेत्त... हा भोंगा तेलुगूत बी ओरडते अन् मराठीत बी. तुमाले ऐकू येत नाई का?"

"भोंग्याचं कोण ऐकते..." तो तिच्याकडे बघत म्हणाला. "तुमी सांगतलं असतं तर ऐकलं असतं."

तिनं बादली त्याच्या हातात परत दिली. "सांगतलं. आता देठं काढा अन् शुक्रवारी आणा."

सुक्या कचऱ्याचे वार दोन, मंगळवार आणि शुक्रवार. त्यानंतर दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी निळी बादली घेऊन रविकांतच दारात उभा. आशाबाई चकित झाली. ज्या पोरानं कधी जेवलेलं ताट उचललं नाही, तो आता दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालत होता. कापसावर फवारायच्या औषधाच्या बाटल्या विषारी, म्हणून त्या वेगळ्या पोत्यात, बुचं घट्ट लावून.

"इतकं धुऊन काऊन आणता?" मयूरीनं एकदा विचारलंच.

"तुमी हात लावता ना याले..."

ट्रॅक्टर पुढे निघून गेला आणि मॅडम तिथंच उभ्या, हे लखननं गावभर सांगितलं.

गावाबाहेर कचरा निवडायची शेड होती. तिथं गयाबाई बसायची. पन्नाशीची, एकटी, जिभेला हाड नसलेली. "माणूस तोंडानं खोटं बोलन," ती म्हणायची, "कचरा नाई बोलत." कोणी चोरून दारू पिते, कोणाला बीपीची गोळी चालू झाली, तिला घरच्यांच्या आधी कळायचं. मयूरी सुक्याच्या दिवशी तासभर तिच्याबरोबर निवडायला बसे, आणि रविकांतच्या बादलीकडे मुळीच बघत नसे. म्हणजे तसं तिला वाटे.

त्या बादलीत निघायचे ते मुलींचे बायोडाटे. पंचक्रोशीतली लग्नं जमवणारी बयनाबाई ज्या घरी लग्नाचा मुलगा असेल तिथं एकेक कागद टाकून जायची, आणि रविकांत तो उभा-आडवा फाडून बादलीत टाकायचा. फोटो मात्र वेगळ्या पिशवीत, कारण गुळगुळीत फोटोचा कागद साध्या कागदात चालत नाही हे मयूरीनंच त्याला शिकवलं होतं.

"ही चवथी गेली," गयाबाई हिशेब ठेवायची. "पोराले पाह्यजे तरी कोण, देव जाणे."

मयूरीला बरं वाटायचं. मग बरं वाटल्याची लाज वाटायची. मग रात्रभर कूस बदलत ती स्वतःला विचारायची, तुझा काय संबंध? संबंध काहीच नव्हता, आणि झोपही येत नव्हती.

आणि मग कार्तिक सरता सरता, एका मंगळवारी, त्या बादलीतून तिचं स्वतःचं नाव निघालं.

नेरडीगोंड्याला राहणाऱ्या मामानं तिचा बायोडाटा छापून घेतला आहे, एवढं तिला ठाऊक होतं. वडिलांमागे मामानंच तिला शिकवलं, त्यामुळे तिनं तो वाचायलाही मागितला नव्हता. तो बयनाबाईच्या गठ्ठ्यात गेला असणार आणि तिथून या घरी. आता त्याचे चार तुकडे तिच्या मांडीवर होते. एकावर 'मयू', दुसऱ्यावर 'री'. आपलंच नाव फाटलेलं पाहिल्यावर खालचं कोण वाचतं? तिनं तुकडे पर्समध्ये कोंबले. तिला रडू येत होतं, अगदी सरळ रडू.

मग तिनं फोटोची पिशवी उघडली. आत बाटलीची लेबलं होती. फोटो नव्हता.

शुक्रवारी येईल, ती मनाशी म्हणाली.

ते तीन दिवस तिचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. बुधवारी गाडीचा म्हणून तिनं स्वतःच्या चपलांचा फोटो वर पाठवला, आणि मंडल ऑफिसातून फोन आला. गुरुवारी घरात चहाचा चोथा निळ्या बादलीत टाकला. फोटो आला तर विषय संपला. नाही आला तर... नाही आला तर काय, हे मनात येताच ती उठून फेऱ्या मारायची. खोली दहा बाय दहाची, फेऱ्या तरी किती मारणार.

शुक्रवारी बादली घेऊन आशाबाई आली. रविकांत नाही.

शेडमध्ये मयूरीनं ती बादली उलटी केली. मग पिशवी. मग पुन्हा बादली.

"काय हरवलं, मॅडम?"

"काई नाई."

"काई नाईसाठी कोणी बादली दोनदा उलटी करत नाई." गयाबाईनं हातातली बाटली खाली ठेवली. "मंगळवारचे तुकडे म्या बी पाह्यले, पोरी. आलं त्याचं मले इचार. जे आलं नाई, ते ज्यानं ठेवलं त्याले इचार."

दुपारी तिनं खरंच चपला घातल्या. आभाळ भरून आलं होतं, कापूस घरात यायच्या दिवसांत कोणालाच नको असलेलं आभाळ. रविकांतच्या अंगणात कापसाचा ढीग होता आणि तो एकटाच त्यावर ताडपत्री ओढत होता. एक टोक धरलं की दुसरं उडत होतं. पहिले थेंब पडले.

"ते टोक धरा," तो मागे न बघता म्हणाला. मग वळून बघितलं.

तिनं टोक धरलं. "माहा फोटो कुठं हाय?"

"कोणता फोटो?"

"कागद मंगळवारी आले. फोटो नाई आला."

"फोटो वेगळा ठेवा, असं तुमीच म्हणलं होतं ना..."

"वेगळा ठेवून टाका म्हणलं होतं. ठेवून घ्या नाई म्हणलं."

तो ताडपत्रीवर दगड ठेवण्यात फार गुंतला. पाऊस वाढला. तिच्या वेणीवरून पाणी ओघळत होतं, पण तिनं टोक सोडलं नाही.

"नाई पसंत तर नाई," ती म्हणाली, आणि आवाज फुटलाच. "पण मंग कागद फाडून फोटो काऊन ठेवला? तीन दिवस मले झोप नाई."

"तुमी वाचला नाई कागद?"

"नाई."

"वाचा मंग." तो उभा राहिला. "मले पाठ हाय. 'मुलगा सरकारी नोकरीत पाहिजे. शेती करणारा चालणार नाही.' शेवटी हाय ते, तुमच्याच नावानं. माह्याजवळ सहा एकर कापूस हाय, मॅडम. नोकरीची परीक्षा दोनदा देल्ली, नाई लागली. मंग तो कागद काय पुजू? फाडला. फोटो फाडायले गेलो... नाई फाटला माह्याच्यानं. आज तुमच्यासमोर यायची बी हिंमत झाली नाई."

मयूरीला मामाचा राग आला, त्या ओळीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आपल्या नावाचा कागद गावोगाव फिरतो आणि आपण तो वाचलासुद्धा नाही. घरोघरचा कचरा तपासणारी बाई ती.

तिनं ताडपत्री गुडघ्याखाली दाबली, ओल्या हातानं मोबाईल काढला आणि मामाला फोन लावला.

"मामा, बायोडाट्यातली शेवटची ओळ खोडा... हो, शेतीवाली... काऊन म्हणजे? मले पाह्यजे तो मुलगा शेती करते म्हणून."

पलीकडून मामा बराच वेळ बोलला. तिनं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा 'हो' म्हटलं. मग हळूच पण स्पष्ट म्हणाली, "नोकरी माह्याजवळ हाय ना, मामा. एका घराले एक पुरे."

रविकांतच्या हातातून ताडपत्रीचं टोक सुटलं. वाऱ्यानं ते वर उडालं आणि अर्धा ढीग उघडा पडला.

"ते धरा आधी," ती फोन छातीशी दाबून, दुसऱ्या हातानं आपलं टोक घट्ट धरत ओरडली. "अन् रविवारी मोकळे हाय का? मामानं बोलावलं."

तो टोक धरायला धावला, पण चुकून तिचंच टोक धरलं, तिच्या हातासकट, आणि मग दोघांपैकी कोणीच ते सोडलं नाही.