चौदा नंबरचं झबलं

तान्ह्या अंगाला जुनंच कापड लावायचं, नवं टोचतं, म्हणून आईने शिवांगीच्या कपाटातून धुऊन धुऊन मऊ पडलेलं जे काही सापडलं त्यावर कात्री चालवली. नातीसाठी, केयासाठी, झबली झाली. त्यातलं एक शिवांगीच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल जर्सीचं. समोरचा पांढरा चौदा आईने अख्खा ठेवला होता. तो केयाच्या गळ्यापासून पार पोटाखाली यायचा.

"आई, अगं ती माझी जर्सी होती."

"होती ना? आता काय परत उड्या मारणार आहेस? जिना चढलीस की धापा टाकतेस."

शिवांगीला हसू आलं आणि हसता हसताच डुलकी लागली. केया तीन महिन्यांची होती आणि सतत रडत होती. अमेरिकेत, अल्फारेटातल्या त्या छोट्या घराच्या भिंतींत ते रडणं मुरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोट दुखतं, होईल कमी. नवरा, नकुल, हेडफोन लावून ऑफिसचे कॉल घ्यायचा. शिवांगीला फक्त सलग झोप हवी होती. "एकदा गप्प हो ना गं, सोन्या," असं म्हणून ती लेकीचा पापा घ्यायची. ओठांना खारट लागायचं.

ऑक्टोबरात कॉलेजच्या व्हॉलीबॉल कोचचा फोन आला. दोन हजार सहाच्या त्याच सीझनमध्ये कॉलेज तिचा चौदा नंबर मानाने रिटायर करणार होतं.

सोहळ्याला आईने हौसेने केयाला तेच झबलं घातलं. कोर्टच्या मधोमध उभ्या शिवांगीला टाळ्यांतूनही लेकीच्या रडण्याचा आवाज ओळखू येत होता. छाती दुधाने ठणकत होती. निवेदक म्हणाला, "चौदा नंबर यापुढे कुणीही घालणार नाही." चौदा नंबरची एक कोरी जर्सी दोरीवरून हळूहळू छताकडे गेली.

रडणं थांबलं.

"झोपली बघ," आई नंतर कौतुकाने म्हणाली.

पण केयाचे डोळे उघडे होते.

त्यानंतर ती रडलीच नाही. तोंडात दिलं तर प्यायची, नाही दिलं तर मागायची नाही. लस टोचताना सुईकडे नुसती बघत राहिली. नर्स म्हणाली, किती गुणी बाळ. शिवांगी आठवडाभर पोटभर झोपली. मग तिची झोपच उडाली.

"आई, ही रडत का नाही?"

"रडली तरी तक्रार, नाही रडली तरी तक्रार."

पण आईनेही ते झबलं पुन्हा बाहेर काढलं नाही.

पुढे कोचने सोहळ्याचे फोटो न्यायला बोलावलं. "जिममध्ये आवाज येईल, मनावर घेऊ नकोस," ती फोनवर म्हणाली. "छतात मांजराचं पिल्लू अडकलंय वाटतं. माणसं चढून आली, सापडत नाही."

दुपारी जिम रिकामं होतं. नेट उतरवलेलं, फरशीला ताज्या पॉलिशचा वास. केयाला कडेवर घेऊन शिवांगी आत शिरली, आणि वरून आवाज आला.

तो कुणाचा, याचा तिला विचारही करावा लागला नाही. दोन्ही बाजूंनी पान्हा फुटला, टी-शर्ट भिजला.

"ती जर्सी खाली काढता येईल?"

कोच हसली. "एकदा वर गेली की ती खाली येत नाही, शिवांगी. तोच तर मान आहे."

फोटोंचं पाकीट बाकावर ठेवून कोच ऑफिसात गेली.

शिवांगी बाकावर बसली. केयाला पदराखाली घ्यावं तसं जॅकेटखाली घेतलं. केयाने तोंड उघडलं नाही. ती वर बघत होती.

वरचं रडणं बारीक झालं. मग हुंदके. मग मध्येच थांबून, कानोसा घेतल्यासारखं, पुन्हा एकदा.

कुणी येत नाही हे कळल्यावर मूल गप्प होतं, तसं ते गप्प झालं.

जर्सी हलत नव्हती. ओला टी-शर्ट अंगाला गार पडत गेला.

त्या दुपारनंतर शिवांगीला दूध आलं नाही. केयाने ते मागितलंही नाही.