मोरपंखी चिंध्या

अकोटच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कमलाकांत मास्तरांना सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. पण नऊ वर्षांच्या स्वरालीपायी तो एक सिनेमा त्यांनी सात-आठ वेळा पाहिला. जंगलात चुकलेली दोन भावंडं मुक्काम सोडताना तीन दगड रचतात, वर चिंधी बांधतात आणि चालत चालत घर गाठतात. आई धावत बाहेर येते तेव्हा स्वराली टाळ्या पिटायची.

"बाबा, मी हरवले तर?"

"अशीच खूण करायची. थांबायचं नाही. घर येईस्तोवर चालायचं."

त्या हिवाळ्यात तिघं नरनाळा किल्ला पाहायला गेले, तिथे ती खरंच चुकली. थंडी म्हणून तिनं आईची मोरपंखी ओढणी अंगाभोवती गुंडाळली होती. सापडली पाचव्या दिवशी, किल्ल्यापासून खूप दूर, एका नाल्याच्या काठी. ओढणी मात्र मिळाली नाही.

"मास्तर," शोधायला आलेले वनरक्षक शेषराव खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगी एका जागी बसली असती तं पह्यल्याच दिवशी भेटली असती."

कमलाकांतांनी आपल्या हातांनी अग्नी दिला. आपण तिला काय सांगितलं होतं, ते बायकोला, अनुपमालाही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात शेषरावांचा फोन आला. किल्ल्याखालच्या शहानूरच्या वेशीवर तीन दगड रचलेले आहेत, वर मोरपंखी चिंधी. पावसाळ्यानंतर तसेच दगड पोपटखेडच्या धरणाजवळ दिसले. मग अकोटच्या अलीकडे, एका कापसाच्या जिनिंगच्या कुंपणाशी. चिंधीला गाठ दर वेळी दुहेरी. स्वराली बुटाच्या नाडीला मारायची, तशी.

अनुपमा दिवसभर ओट्यावर बसू लागली.

"अनु, मी तिला अग्नी दिलाय गं."

"मग चालतंय कोण?"

त्यानंतर दोन महिने काहीच दिसलं नाही.

माघात परीक्षेच्या कामासाठी मास्तर एसटीनं दर्यापूरला निघाले होते. अर्ध्या वाटेवर, भर दुपारी, खिडकीतून त्यांना ते दगड दिसले. त्यांनी गाडी थांबवली.

अकोट मागे राहिलं होतं. पोरगी घरावरून पुढे निघून गेली होती.

दिवाळीत त्यांनीच घराला पिवळा रंग दिला होता. आधीच्या निळ्या भिंतीवर स्वरालीच्या हातांचे ठसे होते, अनुपमा ते कुरवाळत बसायची, म्हणून.

दगडांसमोर शेतातलं एक घर होतं. निळं.

अंगणात एक बाई तूर पाखडत होती. भागीरथा तिचं नाव.

"हे दगड कोणी रचले, बाई?"

"आमच्या पोरीनं." सूप थांबलं. "आमची म्हंजे... मले लेकरू नाही, भाऊ. दोन महिने झाले, येते. मले आई म्हणते. पह्यले लय भेव वाटे."

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

मास्तर दाराकडे बघत म्हणाले, "तिला सांगा... बाबा आलेत."

भागीरथा उठून उंबऱ्यापाशी गेली. वाकून कुणाचं तरी ऐकत राहिली. परत आली तेव्हा तिला मान वर करवेना. तिनं हात जोडले.

"राग नका मानू, भाऊ. पोरगी म्हणते, मी या मानसाले नाही ओळखत."

तिच्या पाठीमागे दार हळूच लोटलं गेलं. आतून कडी लागली.

भागीरथाचे हात अजून जोडलेलेच होते.