दोनशे चौदाच्या पुढे

तिला वाटलं होतं, महामार्ग कुठून न्यायचा हे ठरवताना माणसं निदान कडाकडा भांडत तरी असतील. दूरदेशीच्या विद्यापीठात तिने दोन वर्षं हेच शिकण्यात घालवली होती. आधी पाणी, माती, झाडं, पाखरं, घरं यांचं काय होणार ते तोलायचं, मगच नकाशावर रेघ ओढायची. प्रत्यक्षात रस्ते खात्यात रुजू होताच तिला मिळाला एक कागद. लाल रेघ जंगलातून सरळ जाणारी. हिरवी रेघ जुन्या दगडखाणींच्या उजाड माळावरून वळसा घेणारी, चौदा किलोमीटर लांबची. लाल रेघेसमोर ‘तोडावी लागणारी झाडे’ या चौकटीत पेनाने आधीच लिहून ठेवलेलं होतं: २१४.

“पण मोजणी तर उद्या आहे ना?” तिने विचारलं.

“आहे ना,” साहेब म्हणाले. साहेब म्हणजे मुख्य अभियंता, निवृत्तीला चार महिने उरलेले, भले आणि दमलेले गृहस्थ. “जुन्या अहवालात हाच आकडा आहे. अडीचशेच्या वर गेला तर लाल रेघ बाद होते. जाऊन या तुम्ही. परवा अकराला बैठक. सही तुमची लागेल.”

मोजणीची रीत अशी, की एकाने पुढे चालायचं, बुंध्याला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, खडूने आकडा घालायचा आणि हाक द्यायची. मागच्याने तीच हाक परत म्हणून वहीत उतरवायची. परत म्हटल्याखेरीज पुढचा सरकत नाही. पुढे मुकादम होता, तीस वर्षं रस्त्यांच्या कामांवर काढलेला. मागे ती.

“मॅडम, तिकडे झाडं कशी मोजतात हो?”

“विमानातून.”

“मग आमचीच पायपीट का?”

“विमानातून घेर दिसत नाही.”

“म्हणजे आमच्यावाचून अडतंच तुमचं,” मुकादम खूश होऊन म्हणाला.

दुपारी एकच्या सुमारास त्याने दोनशे चौदावा आकडा घातला आणि हातावरचा खडू झटकला. “झालं. चौकट भरली.”

“जंगल तर पुढे आहे.”

“आहे. कागदावर नाही.” त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. “आमचे वडीलही मुकादमच होते. त्यांनाही इथेच थांबवलं होतं, मॅडम. मी गाडीत बसतो. धुकं उतरतंय, लवकर या.”

तो गेला. धुकं खरोखरच उतरत होतं. आधी शेंडे गेले, मग फांद्या, मग दहा पावलांवरचं सगळंच. ती वही छातीशी धरून उभी राहिली. एकटीने टेप कशी गुंडाळायची आणि लिहायचं कसं, याचा विचार करत असताना समोरून हाक आली.

“दोनशे पंधरा. घेर साडेचार फूट.”

तिला हसू आलं. लाज वाटली म्हणजे स्वारीला. लांबून फिरून पुढे गेला असेल.

“दोनशे पंधरा, साडेचार फूट,” ती म्हणाली, आणि निघाली.

हाका येत राहिल्या, एका लयीत, न दमता. “तीनशे दोन. पाच फूट.” “चारशे अकरा... पडलं.” पडलेल्या झाडाचाही आकडा कशाला, असं तिला वाटलं, पण तिने ‘पडलं’ असं लिहिलं. हवेत ऑइलपेंटचा वास येत होता. बुंध्यांवर आता खडू नव्हता, निळा रंग होता. खडू संपला असेल, तिने स्वतःला सांगितलं. हात बधिर झाले तरी तिच्या अंगात वारं भरलं होतं. सहाशे. आठशे. हजार. त्या चौकटीचं काय होणार, हे तिला पानागणिक दिसत होतं.

अकराशेच्या पुढे कुठेतरी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पाचोळा फक्त तिच्याच पायांखाली वाजत होता.

ती थांबली. समोरचाही थांबला. वाट बघत.

“मुकादम...?”

बऱ्याच वेळाने, शांतपणे, मघाचीच हाक पुन्हा आली. तिने परत म्हटलं नव्हतं ना... तिने ती परत म्हटली. आवाज कापत होता, पण आकडा बरोबर होता. पळावं असं वाटत होतं, आणि शेवटचं झाड राहील या कल्पनेने पाय पुढेच पडत होते.

“बाराशे सहा. तीन फूट.”

तिने लिहिलं. समोर जंगल संपलं होतं, मोकळा माळ पांढरा दिसत होता. आणि मग आवाज आला तो पाठीमागून, अगदी कानाशी.

“बाराशे सात... घेर अडीच फूट.”

पाठीवर काहीतरी गार, ओलसर फिरलं. सवयीने तिच्या तोंडून निघालं, “बाराशे सात, अडीच फूट.” आणि हाताने ते लिहिलंही.

ती गाडीपाशी पोचली तेव्हा मुकादम आत घोरत होता. काच वाजवल्यावर दचकून उठला. “कुठे होतात? चारदा हॉर्न दिला. पाच वाजले.”

तिने वही पुढे केली. पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. “हाक कुणी दिली?”

“तुमचाच आवाज होता.”

त्याने वही मिटली. “बाबांचा आणि माझा आवाज एकच. बाबा होते तेव्हा हाक मारली की आईसुद्धा फसायची.” मग हळूच म्हणाला, “त्यांना दोनशे चौदावर थांबवलं, त्यानंतर वर्षभर दर रविवारी निळ्या रंगाचा डबा घेऊन निघायचे. आम्हाला वाटायचं, कुणाची दारं रंगवायला जातात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती साहेबांना घेऊन जंगलात आली. मुकादमही आला. ऊन पडलं होतं आणि बुंध्याबुंध्यावर निळे आकडे होते, कडांवर साल चढलेले. साहेबांनी चाकूने साल खरवडली. “हा रंग तीस वर्षांचा आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी दोनशे पंधराव्या झाडाला स्वतः टेप लावली. साडेचार फूट. आणखी वीस झाडं मोजली. वहीतला घेर सगळीकडे आजचा होता, आणि ‘पडलं’ लिहिलेली तेवढीच पडलेली होती.

“पडलेली सोडून किती?”

“अकराशे तीस.”

साहेब टेप गुंडाळत राहिले. “त्या जुन्या अहवालावर माझी सही आहे,” ते म्हणाले. “तेव्हा मी तुमच्या वयाचा होतो. आज खोडतो ती.” त्यांनी खिशातला कागद काढून झाडावर टेकवला, २१४ वर आडवी रेघ मारली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने ११३० लिहिलं. लाल रेघ गेली. मुकादमाने डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या.

परत वळताना मुकादम मागून म्हणाला, “थांबा, मॅडम. जाकीट काढा जरा.”

तिने काढलं. पाठीवर निळ्या रंगात १२०७ होतं. रंग जुन्या खिडकीवरचा तडकतो तसा तडकला होता. जाकीट तिने गेल्या हिवाळ्यात घेतलं होतं, समुद्रापलीकडे.

“तोडायच्या यादीतला आकडा आहे हा,” मुकादम पुटपुटला. “माझं घाला. हे घालून बैठकीला जाऊ नका.”

तिने वही उघडली. शेवटच्या ओळीवर तिच्याच अक्षरात होतं: १२०७, अडीच फूट. ती ओळ तिने खोडली नाही. पुढे ‘उभं’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि तेच जाकीट अंगात चढवून गाडीकडे निघाली.