लाल कड्यांच्या टिटव्या

शहराचं सांडपाणी जिथे साफ होतं, त्या केंद्राच्या तळ्याकाठी एक तरुणी तासभर पालथी पडून होती. हालत नव्हती की बोलत नव्हती. पंपावरच्या ऑपरेटरने खिडकीतून दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मग त्याला काही राहवेना. हातात आली ती बाटली घेऊन तो धावत सुटला आणि "अहो बाई, अहो बाई!" करत त्याने थंडगार पाणी थेट तिच्या मानेवर ओतलं.

ती किंचाळत उठली. समोरच्या पन्नाससाठ टिटव्या तिच्याहून मोठ्याने ओरडत उडाल्या.

"शुद्धीवर आहे मी! दुर्बिणीतून बघत होते!"

"तासभर?"

"हो, तासभर!"

"मग पापणी तरी हलवायची..."

"पाठमोऱ्या माणसाची पापणी दिसते तुम्हाला?"

तो मान खाली घालून हसला आणि तिचा निम्मा राग तिथेच उतरला. उरलेला निम्मा, त्याने आणून दिलेल्या टॉवेलने केस पुसता पुसता गेला.

ती पक्ष्यांवर संशोधन करत होती. शहराबाहेरचं जुनं तळं दर उन्हाळ्यात आधीच्यापेक्षा लवकर आटत होतं. तिथल्या टिटव्या मग जातात कुठे, हे तिला शोधायचं होतं. जुन्या तळ्यावर जन्मलेल्या पिल्लांच्या पायात तिने लाल कडं घातलं होतं, इथल्या पिल्लांच्या पायात हिरवं. इथे लाल कडं दिसलं, की समजायचं... पाहुणी जुनं घर सोडून आली.

"म्हणजे तुम्हाला रोज यावं लागणार," तो म्हणाला. म्हणताना जरा जास्तच खुलला.

"रोज सकाळी आठपासून मी जुन्या तळ्यावर असते. इथे कुठून येऊ?"

"मी असतो की सकाळी इथे. मी बघून सांगितलं तर?"

तिने त्याला जादाची दुर्बीण दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला फोन सुरू झाला.

"पाइपाजवळ तीन. तिन्ही लाल."

"खरंच? तिन्ही?"

ती अशी काही आनंदायची की पलीकडे त्याचं नुसतं 'हं' ऐकू यायचं. ती ज्यांच्याकडे राहायची त्या आत्याबाई चहा गाळता गाळता म्हणायच्या, "टिटव्यांचे फोन हल्ली बरेच लांबायला लागलेत गं!"

"आत्या, संशोधन आहे ते."

"हो ना. म्हणून तर फोन ठेवल्यावरही हसत असतेस."

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती स्वतः यायची. तेव्हा ऊन समोरून यायचं, कडी नुसती काळी दिसायची, म्हणून रंगांचं काम सकाळचं आणि सकाळ त्याची. दुपारी दोघं पंपघराच्या सावलीत भाजलेले शेंगदाणे खात बसायची.

"ती बघा, हेडबाई," तो एका टिटवीकडे बोट दाखवायचा. "सगळ्यांवर ओरडते. तिने माझ्याकडे पाहिलं की मी शर्टाचं वरचं बटण लावतो."

"आणि मी पाहिलं की?"

तो एकदम शेंगदाणे निवडायला लागला. तिला वाटलं, कशाला विचारलं आपण... आणि बरं झालं विचारलं, असंही वाटलं.

तीन महिन्यांत इथे वाचलेल्या पस्तीस कड्यांपैकी एकतीस लाल निघाली. एका मंगळवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"जुनं तळं बुजवून तिथे बाजार बांधायचा म्हणतायत. शुक्रवारी पालिकेच्या समितीपुढे माझा अहवाल आहे. टिटव्या आपणहून इकडे आल्यात, मग तळं ठेवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला वाईट वाटतंय हो, पण आकडे तेच सांगतात."

तो उठून घाईने पंपघरात गेला. तिचा निरोपही त्याने धड घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. दुपारी आला तो स्वतः. तिच्या प्रयोगशाळेच्या दारात, हातात दुर्बीण घेऊन उभा.

"ते आकडे देऊ नका," तो म्हणाला. "मला... लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. लहानपणापासून. बस चालवायची होती मला, डोळ्यांच्या तपासणीत त्याच कारणाने बाद झालो."

तिला आधी कळेचना. "मग तीन महिने लाल लाल काय सांगत होतात?"

"पहिल्या फोनला अंदाजाने लाल म्हणालो. तुम्ही इतक्या खूश झालात... मग अधूनमधून सोडलं तर हिरवं म्हणायला जीभच उचलेना."

"अहो, हे संशोधन आहे! मला खूश करायचा खेळ नाही!" तिचा आवाज चढला, आणि लगेच भरून आला. "जा तुम्ही. आत्ता जा."

तो दुर्बीण टेबलावर ठेवून गेला.

गुरुवारची सकाळ तिने केंद्रावर स्वतः काढली. तिने वाचलेल्या तीस कड्यांपैकी सव्वीस हिरवी होती! लाल फक्त चार. मग जुन्या तळ्याच्या टिटव्या गेल्या कुठे? भर दुपारी ती गुडघाभर चिखल तुडवत आटलेल्या तळ्याच्या मधोमध शिरली. तिथे, सुकलेल्या लव्हाळ्यांच्या मागे, लाल कड्यांच्या टिटव्या अंडी उबवत बसल्या होत्या. काठावरून त्या कधी दिसणारच नव्हत्या. ती चिखलातच उभी राहून रडली. किती थोडक्यात वाचलं सगळं!

शुक्रवारी ती समितीपुढे उभी राहिली. "रंग मी स्वतः पडताळून पाहिले नाहीत. चूक माझी आहे," असं सगळ्यांसमोर म्हणाली. तिच्या गाइड मॅडमनी बाहेर आल्यावर चांगली खरडपट्टी काढली आणि मग पाठीवर हात ठेवला. तळ्याला दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि तिला दोन वर्षांचा अभ्यास.

तिथून ती थेट पंपघरात गेली. तो मोटारीला वंगण घालत होता. तिला पाहून उठला, हात कुठे पुसावेत ते त्याला सुचेना.

"आभार मानायला आलेय," ती म्हणाली.

"माझे? मी तर तुमच्या कामाची वाट लावली."

"तू सांगितलं नसतंस तर माझ्याच सहीने ते तळं बुजलं असतं. ती अंडी... सगळं. जन्मभर मला कळलंही नसतं."

"सांगितलं की तुम्ही पुन्हा येणार नाही, हे ठाऊक होतं मला," तो हळूच म्हणाला. "रात्रभर तेवढंच डोक्यात होतं."

"ठाऊक होतं, तरी आलास?"

"तुमच्या टिटव्या होत्या ना त्या."

एवढ्या मोठ्या जगात, आपल्याला गमावायची तयारी ठेवून आपलं काम वाचवणारा माणूस आपल्याला मिळावा! तिने मनापासून त्याचे, टिटव्यांचे, सगळ्यांचेच आभार मानले.

"आता रंग मी वाचणार. तू शेजारी बसायचं."

"दोन वर्षं?"

"अभ्यास दोन वर्षांचा आहे," ती म्हणाली. कान तापले होते, तरी नजर तिने हटू दिली नाही. "मी जन्मभराचं विचारतेय."

पंप घरघरत राहिला. तो तसाच उभा, वंगणाने माखलेले हात हवेत धरून.

"मला जरा विचार करू दे..."

"किती वेळ?"

"झाला," तो म्हणाला.