भेंडीचं सूत आणि न कुजणारं पाणी

"आजपासून मानवजातीला कापसाची गरज उरलेली नाही!" वैजयंतीने जाहीर केलं.

ही घोषणा तिने पालथ्या बादलीवर उभं राहून केली. मानवजातीतर्फे तिचा धाकटा भाऊ विलास आणि पंपवाल्या दत्तूचा मुलगा पोपट असे दोघे हजर होते. त्यातला विलास गुडघ्याची खपली काढण्यात गढला होता.

"वैजेऽ!" तिसऱ्या मजल्यावरून आई ओरडली. "बादली घेऊन वर ये आधी! नळाला पाणी आलंय!" मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "राहू दे. गेलं!"

वैजयंती बादलीवरून उतरली. कोपरखैरण्याच्या सागरदीप सोसायटीत होळीपासून हे असंच चाललं होतं. नळ आधी खोकायचा, मग चमचाभर पाणी द्यायचा आणि पुन्हा झोपी जायचा.

"हं, तर मी काय सांगत होते?"

"मानवजात," विलासने आठवण दिली.

तर गोष्ट अशी होती. इमारतीमागच्या तुकड्यात या तिघांनी थंडीत भेंडी लावली होती. भेंड्या खाऊन संपल्या, उरलेल्या जून होऊन लाकडासारख्या झाल्या, आणि मागे राहिली ती डोक्याएवढी उंच झाडं. ती उपटून फेकायची, तेवढ्यात वैजयंतीला शाळेतल्या कार्यानुभवाच्या बाई आठवल्या. टकळीवर कापसाचं सूत काढताना वर्गात सर्वांत जास्त वेळा धागा कोणी तोडला असेल, तर तो वैजयंतीने! तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला कापूस नाजूक पडतो गं. तू भेंडीचं सूत काढ! झाडाच्या सालीत चांगला दांडगा धागा असतो."

बाई बोलून गेल्या. वैजयंतीने मात्र ते मनावर घेतलं.

"काड्या साचलेल्या पाण्यात बुडवायच्या," ती आता बोटांवर मोजत सांगू लागली. "पाणी कुजलं, की सालीचा गर सुटतो आणि नुसते धागे उरतात. ते धुवायचे, वाळवायचे, विंचरायचे आणि टकळीवर कातायचे!"

"आमच्या गावाला अंबाडी अशीच भिजवतात," पोपट म्हणाला. "पण काय वास मारतो, म्हायतंय? पाव्हणा वेशीवरनंच परत जातो!"

"म्हणजे घरी पाहुणेपण येणार नाहीत!" विलास आनंदाने म्हणाला.

इमारत बांधताना विटा भिजवायला केलेला एक सिमेंटचा हौद मागे तसाच पडून होता. त्यात चक्क पाणी होतं. ऐन मे महिन्यात ते कुठून आलं, हा प्रश्न तिघांपैकी कोणालाही पडला नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला कोणी तिचा पत्ता विचारत नाही! काड्यांच्या मोळ्या बांधून त्यांनी हौदात सोडल्या आणि वर दगड ठेवले.

त्यानंतर रोज सकाळी तिघं हौदाच्या काठावर ओणवी होऊन, डोळे मिटून, मोठ्या आशेने श्वास घेत. सोसायटीतली बाकी मुलं सुटीत आंब्याचा वास घेत फिरत होती. ही तिघं दुर्गंधीची वाट पाहत होती.

"आला?"

"छे!"

"थोडासा पण नाही?"

"थोडासा आला होता," विलास म्हणाला, "पण तो पोपटच्या चपलेचा निघाला."

"ए, गप ए!" पोपटने त्याला कोपर मारलं.

दिवस जात राहिले. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं आणि काड्या हिरव्यागार. वैजयंती हैराण झाली. ज्या शहरात दूधसुद्धा दुपारपर्यंत टिकत नाही, तिथे हे पाणी नासायचं नाव घेईना!

एके सकाळी पोपट उशिरा आला आणि हौदाकडे न बघता पायरीवर बसला.

"काय झालं रे?"

"रविवारी सोसायटीची मीटिंग हाय. बाबाला कामावरनं काढनार."

"का?"

"बोरगावकर साहेब म्हनतात, तू पंप नीट चालवत नाय. म्हनतात, पानी शेजारच्या बांधकामाला सोडतो." पोपटने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "खोली पन खाली करायची. मग आमी गावाला. शाळा पन तिकडंच."

वैजयंती हौदाच्या काठावर बसली. पोपटशिवाय सुटी? पोपटशिवाय शाळा? गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून उत्तर कोण कुजबुजणार?

तेवढ्यात दत्तूच पंपघराकडे जाताना दिसला.

"दत्तूकाका, पंप खरंच बिघडलाय का?"

"न्हाई गं ताई! रोज इतका येळ चालवतो, पर वरची टाकी काय भरंना. आता येवढं पानी म्या एकटा पितो व्हय?" असं म्हणून दत्तू मान हलवत आत गेला.

वैजयंतीला काही सुचेना. काही सुचेना की ती हाताने काहीतरी ढवळत बसे. तिने हौदात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"पोपट! पाणी थंड आहे!"

"मग?"

"अरे, रोज दिवसभर उन्हात तापणाऱ्या हौदातलं पाणी इतकं गार कसं? आणि कुजत का नाही? कारण हे साचलेलं पाणीच नाहीये! जुनं जातंय आणि रोज नवं येतंय!"

तिघं हौदाभोवती धावली. एका कोपऱ्यात काठ फुटला होता. तिथून पाणी झिरपत गटाराकडे जात होतं आणि त्या वाटेवर भर मे महिन्यात हिरवं गवत वाढलं होतं!

"जातंय ते कळलं. येतंय कुठनं?" पोपट पुटपुटला.

पंपघरातून घुर्रर्र आवाज आला. आणि हौदातल्या भेंडीच्या काड्या माना डोलावू लागल्या! तळाच्या फटीतून बुडबुडे वर येत होते.

"काका, पंप बंद करा!" वैजयंती ओरडली. बुडबुडे थांबले. "चालू करा!" पुन्हा बुडबुडे. "बंद!"

"ताई, म्हातारा केलंस मला," दत्तू आतून म्हणाला.

पंपघर आणि हौद यांच्या मधोमध, फरसबंदीत एक लोखंडी खांब उभा होता. सेक्रेटरी बोरगावकर काकांच्या बॅडमिंटनच्या जाळ्याचा खांब. काकांनी स्वतः उभं राहून, पहारीने खोल खड्डा पाडून तो ठोकून घेतला होता. आणि तेही होळीच्या आदल्या दिवशी!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघं धावत काकांकडे गेली.

"काका, तुमच्या खांबाने—"

"मुलांनो," पेपरमधून डोकं वर न काढता काका म्हणाले, "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये. जा, खेळा."

"यांना खरं सांगून उपयोग नाही," जिन्यात वैजयंती म्हणाली. "यांना आवडेल तेच सांगायला हवं."

रविवारी सकाळी सोसायटी खाली जमली. बोरगावकर काका मीटिंग आटोपून लगेच खेळता यावं म्हणून पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले होते. दत्तू टोपी हातात धरून भिंतीशी उभा होता.

"तर दत्तूच्या बाबतीत—" काकांनी सुरुवात केली.

"काका!" वैजयंती उभी राहिली. "चोरीचं पाणी कुठे आहे, ते आम्हाला सापडलंय!"

एकच गलका उडाला! दत्तूचा चेहरा पांढरा पडला. त्याने पोपटकडे पाहिलं. पोपट मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत होता, कारण वर बघितलं असतं तर त्याला हसू फुटलं असतं.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" काका उठलेच. "चल, दाखव!"

पुढे वैजयंती, मागे काका आणि त्यांच्या मागे सगळी सोसायटी अशी मिरवणूक हौदाशी पोचली.

"अहाहा! हौद भरून!" काका विजयाने खांबाला टेकून उभे राहिले. "म्हणजे दत्तूनेच—"

"थांबा ना काका. पोपट, पंप!"

घुर्रर्र! काड्या नाचल्या. पोपटने पंप बंद केला, काड्या स्थिर झाल्या. पुन्हा चालू केला, पुन्हा नाच!

"अगं बाई!" तळमजल्यावरच्या वेणूआजी म्हणाल्या. "पंप चालला की पाणी इकडे पळतंय!"

"मग पळवतो कोण?" काका गरजले.

"तुम्ही त्याला टेकूनच उभे आहात," वैजयंती नम्रपणे म्हणाली. "हा खांब जरा उपटून पाहायला हवा. आम्हाला नाही जमणार हो. त्याला रोज व्यायाम करणाऱ्याची ताकद लागते."

यानंतर काकांना अडवणं शक्यच नव्हतं! त्यांनी बाह्या सरसावल्या, खांबाला मिठी मारली आणि जोर लावला. खांब हलला, डुगडुगला आणि एकदम निघाला.

त्याच्यामागून पाणी निघालं. ते पहिल्या मजल्यापर्यंत उडालं आणि परतीच्या वाटेवर सगळंच्या सगळं काकांना भेटलं.

"बादल्या आणा रेऽ!" कोणीतरी ओरडलं. सगळी सोसायटी बादल्या आणायला धावली. एकटा दत्तू तेवढा उलट्या दिशेला धावला आणि त्याने पंप बंद केला.

कारंजं खाली बसलं. चिखलाने रंगलेले काका खांबाला मिठी मारून तसेच उभे होते.

"दत्तू," ते शेवटी म्हणाले, "पंप... चांगला चालतोय की रे."

"व्हय साहेब," दत्तू म्हणाला. "त्यो पयल्यापासूनच चांगला चालतोय."

"आणि तूसुद्धा," काका हळूच म्हणाले. "जा, कामाला लाग. माझं चुकलं."

पोपटने चपलांकडे बघणं सोडलं आणि शेवटी मनसोक्त हसून घेतलं.

खांबाने फोडलेला जमिनीखालचा पाइप बदलला, टाकी भरली, घरोघरच्या मोऱ्या गाऊ लागल्या. आणि हौदातलं पाणी आता खरोखर साचलं! थोड्याच दिवसांत असा काही वास सुटला, की माश्यांनीसुद्धा शेजारच्या सोसायटीत बिऱ्हाड केलं. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. पण ज्या पोरांनी पाणी मिळवून दिलं, त्यांच्याकडे तक्रार कोण करणार?

नाकाला रुमाल बांधून तिघांनी काड्या सोलल्या. साल अलगद सुटली. धुऊन, वाळवून, आईच्या जुन्या फणीने विंचरल्यावर हाती आले फिकट सोनेरी केसांसारखे लांब धागे. वैजयंतीने टकळी फिरवली. धागा जाड झाला, बारीक झाला, पण तुटला नाही! पोपटनेही टकळी फिरवली. विलासने स्वतःभोवतीच धागा गुंडाळून घेतला.

सुटी संपायच्या आधी सोसायटीने मुलांचं कौतुक करायचं ठरवलं. दत्तूला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. तो तिच्या अगदी टोकावर बसला होता. वेणूआजींनी तिघांना ओवाळलं. बोरगावकर काकांनी सुताची गुंडी उंच धरून भाषण केलं.

"हा केवळ भेंडीचा धागा नव्हे!" त्यांचा आवाज भरून आला. "हा सत्याचा धागा आहे! चिकाटीचा धागा आहे! या धाग्याने आपली सोसायटी एका कुटुंबासारखी बांधली गेली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वैजयंतीची मान ताठ झाली. मानवजात आता कापूस विसरणार, याबद्दल तिला शंका उरली नाही.

काका गुंडी परत द्यायला तिच्याजवळ आले, इकडेतिकडे पाहून वाकले आणि गालावर हात ठेवून कुजबुजले, "बेटा, यातला वीतभर तोडून देतेस का? मघापासून दाढेत पेरूची बी अडकलीय."